ओळख पटली

लटारू गोव्याला गेला तेव्हा धान लावायचा रोवणा अर्धा राहिला होता. मूल गावापासून दोन कोसांवर, जंगलाला लागून, दोघा भावांच्या धानाच्या सामाईक बांध्या होत्या. पंचावन्न सालच्या त्या श्रावणात पाऊस चांगला होता, त्यामुळे गावात कोणाला मान वर करायची फुरसत नव्हती. तरी चांद्याचे पुढारी गुणवंतराव सभा घ्यायला आले. पोर्तुगीज आपल्याच मुलखात आपल्याच माणसांना कसे तुरुंगात कोंबतात ते त्यांनी सांगितलं, आणि मागे पारावर बसलेल्या लटारूनं हात वर केला.

त्याची बायको सोमारी गुडघाभर चिखलात होती. तिनं रोपाची पेंढी खाली टाकली.

"काऊन चालले? दादा एकटे काय काय करतीन?"

"पंधरा ऑगस्टले झेंडा लावून वापस येतो. हातात काठी बी न्यायची नाई म्हनते. बिनहत्यारी मानसाले कोन मारते व?"

लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि हा माणूस एकदा ठरवलं की ऐकत नाही हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून गाडीत बसला.

पंधरवड्यानं गुणवंतराव एकटेच आले. त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला होता. ओसरीवर बसले, दिलेलं पाणी तसंच ठेवलं.

"बांदा गावाच्या पुढं एका नाल्यापाशी आम्ही हद्द ओलांडली," ते म्हणाले. "पाऊस सुरू होता. लटारू माझ्या पुढं होता, झेंडा त्याच्याकडंच होता. पोर्तुगीज शिपायांनी ओरडून थांबायला सांगितलं, आम्ही खाली बसलो, तरी गोळ्या सुरू झाल्या. तो पडला. आम्ही मागं फिरलो तेव्हा शिपाई त्याला पाय धरून ओढत नेत होते."

"जीव होता का?" सोमारीच्या सासूनं विचारलं.

"हात हलल्यासारखा वाटला, माय. पण पाऊस होता. खरं सांगतो, मला नाही सांगता येत."

मग वर्तमानपत्रांत नावं आली. मेलेल्यांची आली, पकडलेल्यांची आली. गावचे मास्तर दोन्ही वाचून दाखवायचे. लटारूचं नाव कशातच नव्हतं.

दिवाळी गेली. सोमारीला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे बायांना कळेना, म्हणून त्या तिच्या दारावरून घाईघाईनं जाऊ लागल्या. मूलच्या बाजारात कोणी विचारलं, "काही समजलं का?" तर ती मान हलवायची. सासू तेवढी रोज एकच बोलायची. "माहा पोट्टा ना इकडचा ना तिकडचा. भटकून राह्यला असन."

भासरा, म्हणजे लटारूचा थोरला भाऊ मुखरू, वाईट माणूस नव्हता. धाकट्या भावाच्या वाट्याची बांधी त्यानं स्वतःच्या पाठीवर ओढली होती. पण त्याला हा अधांतरीपणा सहन होत नव्हता. त्यानंच सोमारीला चांद्याला इनायत वकिलांकडे नेलं.

इनायत वकील जटपुरा गेटच्या आत राहायचे. म्हातारे होते, कोर्टात कमीच जायचे. गोव्यात हरवलेल्या माणसांसाठी ते अर्ज लिहून देतात, असं गुणवंतरावांनी सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक छापील पुस्तक काढलं.

"बेटी, मागच्या मोठ्या लढाईत लाखो साधी माणसं मेली. शेतकरी, बायका, लेकरं. म्हणून सगळे देश जिनिव्हा नावाच्या गावी बसले आणि कायदा केला. ज्याच्या हातात हत्यार नाही त्याला मारायचं नाही. जखमी असेल तर औषधपाणी करायचं. पकडला तर घरच्यांना कळवायचं. मेला तर इज्जतीनं पुरायचा, वर नाव लावायचं आणि कळवायचं. आपल्या सरकारनं हा कायदा मानला आहे."

"मंग ते कळवत काऊन नाई?"

"कारण हा कायदा लढाईचा आहे. आपलं सरकार म्हणतं गोवा आमचाच, तिथं जाणं म्हणजे लढाई नव्हे. पोर्तुगाल म्हणतं गोवा आमचाच, हे लोक आमच्या घरात घुसले, हीसुद्धा लढाई नव्हे. आणि पोर्तुगालनं त्या कायद्यावर सही केली खरी, पण अजून ती पक्की केलेली नाही."

सोमारीनं पदर सारखा केला. भासऱ्यासमोर ती कधी मोठ्यानं बोलत नसे.

"लढाई नोयती, मंग माहा मानूस कायच्यात गेला, वकीलसाहेब?"

इनायत वकिलांनी पुस्तक मिटलं. "तेच विचारायचं आहे," ते म्हणाले. "दोन्ही सरकारांचं बोलणं बंद आहे. मध्ये एक तिसरा देश आहे, त्याच्या वकिलातीमार्फत विचारता येतं. वेळ लागेल. पण मी विचारत राहीन."

पहिलं उत्तर यायला चार-पाच महिने लागले. या नावाचा कोणी इसम आमच्या ताब्यात नाही, एवढंच त्यात होतं. वकिलांनी पुन्हा विचारलं. त्या दिवशी जखमी झालेला, नाव न कळलेला कोणी होता का? दवाखान्यात कोणी मेला का?

या काळात सासूनं अंथरूण धरलं. पोटात अन्न ठरेना. तिला आता एकच हवं होतं. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. पण गावचे महाराज म्हणाले, माणूस मेला असं कोणीतरी सांगितल्याशिवाय मी पुतळा कसा बांधू? जित्या माणसाला जाळल्याचं पाप लागेल.

"मंग कोनी तरी सांगा रे," म्हातारी म्हणायची. "मेला म्हना, जिता म्हना. काई तरी म्हना."

सोमारीचा बाप एकदा येऊन गेला. सिंदेवाहीकडे एक विधुर होता, चांगला होता, पाट लावायला तयार होता. पण नवरा मेला असेल तर ना! बाप उंबऱ्यावर बसून रडला आणि गेला.

छप्पन्नच्या उन्हाळ्यात चांद्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. मुखरू, सोमारी आणि गुणवंतराव गेले. इनायत वकील त्या आठवड्यात तापानं पडून होते, म्हणून आले नाहीत. साहेबांनी इंग्रजी कागद पुढ्यात ठेवला आणि मराठीत सांगत गेले.

"पंधरा ऑगस्टला हद्दीवर एक जखमी इसम सापडला. वय तिशीच्या आसपास, रंग काळासावळा. त्याला दवाखान्यात नेलं, पण शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी वारला. तिथंच पुरला आहे. खूण एकच. डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत, जुनी जखम." त्यांनी वर पाहिलं. "नातेवाइकांनी ओळख पटवली तर कबरीवर नाव लावतील."

सोमारीला लटारूचे हात आठवले. रोवण्यात रोप मुठीत धरणारे, सगळीच्या सगळी बोटं असलेले. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. हा तो नव्हता. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा काहीच नाही.

"त्याचेच हात, साहेब," शेजारून मुखरू म्हणाला. "बांबू तोडताना कुऱ्हाडीनं बोटं गेल्ते."

सोमारीनं भासऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. गुणवंतराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी लटारूबरोबर चार दिवस प्रवास केला होता, एका ताटात जेवले होते.

"बायकोनं सांगायला हवं," साहेब म्हणाले. "बाई, शपथेवर सांगावं लागेल. हा तुमचा नवरा आहे का?"

घरी म्हातारी वाट पाहत पडली होती. सोमारी तिच्या तोंडात चमच्यानं पेज घालायची, ती तशीच ओघळायची. आज परत जाऊन तिला काय सांगायचं? नाई माय, तो नोयता. दुसराच कोनी होता. अजून वाट पाहा.

"हो," सोमारी म्हणाली.

पुतळा उमा नदीच्या काठी जाळला. सोमारीच्या बांगड्या तिच्या जावेनं दगडानं फोडल्या, कुंकू पुसलं. म्हातारीला खाटेवरून नदीपर्यंत नेलं होतं. पळसाची पानं धडाधड पेटली तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं रडली, आणि त्या रात्री गाढ झोपली. नंतर ती पंधरा दिवसही जगली नाही, पण शांत गेली. तेवढ्यासाठी सोमारीला आपल्या "हो"चं वाईट वाटलं नाही. गुणवंतरावांनी चांद्याला सभा घेतली, तिला खुर्चीवर बसवलं, हुतात्मा लटारू अमर रहे असं लोक ओरडले. ती खाली मान घालून बसली. सिंदेवाहीच्या पाटाचं पुन्हा निघालं तर ती एवढंच म्हणाली, "वर्ष होऊ द्या."

दिवाळीनंतर धान कापून झालं होतं. खळ्यावर बैलांच्या पायांखाली धानाचा चुरणा सुरू होता. सोमारी सुपानं धान उडवत होती, तेवढ्यात स्टेशनच्या रस्त्यानं एक म्हातारी आली. पांढरे केस, हातात पिशवी, पाय धुळीनं भरलेले.

"लटारूची बायको कोन व?"

"मीच. काऊन?"

"मी आशाबाई. वरोऱ्याची." ती खळ्याच्या कडेला टेकली. "माहा पोरगा वारलू. पुन्याले कामाले गेल्ता. तिथून गोव्याले गेला म्हनते. दीड वर्ष झालं, पत्ता नाई. चांद्याच्या कचेरीत म्या म्हनलं, त्याचे दोन बोटं नाई. तर तिथला बाबू म्हने, असा एक होता, पन तो लटारू निघाला." तिनं डोळे बारीक केले. "मले एवढंच पुसाचं होतं. तुह्या मानसाचे बोटं कायनं गेल्ते, माय?"

सोमारीच्या हातातलं सूप थांबलं. पलीकडे मुखरू बैलांमागे चालत होता. तोही थांबला.

"कुऱ्हाडीनं," सोमारी म्हणाली.

"कोनत्या हाताचे?"

"डाव्या."

"माह्या वारलूचे जिनात गेल्ते. रुई काढताना. डाव्याच हाताचे." आशाबाईनं स्वतःचा हात उघडून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाखवलं. सोमारीनं तिला पाणी दिलं. ते पिऊन म्हातारी उठली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

"असन बाई. दोघायचे बी गेले असन. दुनिया मोठी आहे. मंग माहा जिता असन, नाई का? तुरुंगात असन. सुटन." ती हसली. वरच्या दातांत मोठी खिंड होती. "तुह्यं तं गेलं माय. मी काय बोलू तुले. पन माह्या जीवात जीव आला."

ती निघाली. सोमारी उभीच राहिली. म्हातारी चिंचेखालून वळली, रस्त्याला लागली. आता ती वरोऱ्याला जाईल, शेजारणींना सांगेल, त्याची गोधडी उन्हात घालेल, प्रत्येक गाडीला स्टेशनवर येईल. किती वर्षं? सोमारीला ते सगळं पाठ होतं. तिनं स्वतः तेच केलं होतं.

"जाऊ दे," मुखरू मागून म्हणाला. भासऱ्यानं भावजयीशी असं थेट बोलायची रीत नव्हती. "जाऊ दे तिले. कायले उकरतेस?"

सोमारी धावत सुटली. म्हातारीला तिनं नाल्याच्या रपट्यावर गाठलं.

"माय, थांबा. माह्या मानसाचे बोटं नोयते गेले."

आशाबाईला कळलं नाही. "काय म्हनतेस?"

"दहाच्या दहा बोटं होते त्यायले. म्या खोटं सांगतलं. कचेरीत खोटं सांगतलं. सासू मरत होती." तिला धाप लागली होती. "तो मानूस माहा नोयता."

आशाबाई रपट्यावर खाली बसली. पिशवी बाजूला ठेवली. ती सोमारीला मारेल, शिव्या देईल असं सोमारीला वाटलं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. म्हातारी पाण्याकडे बघत राहिली.

"म्हनजे माहा," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तुमी त्याचा पुतळा जाळला?"

"हो माय."

"नाव कोनाचं घेतलं?"

"माह्या मानसाचं."

"मंग त्याले कायचं पोचते?" आशाबाई म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं. तोंड उघडं, आवाज न निघणारं. सोमारी तिच्या शेजारी बसली, पण हात लावायची हिंमत तिला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी चांद्याला इनायत वकिलांकडे गेल्या. मुखरूनं आदल्या दिवशी खूप आरडाओरडा केला होता. तू भावाले मारला आन् आता उठवतेस, आमाले खोटं पाडतेस, असं म्हणून त्यानं कपाळ भिंतीवर आपटून घेतलं होतं. सोमारी स्वतःची दोन लुगडी घेऊनच घराबाहेर पडली होती.

वकिलांनी सगळं ऐकलं. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"त्या दिवशी मी यायला हवं होतं," ते म्हणाले. "ताप होता तरी यायला हवं होतं." मग त्यांनी कागद ओढला आणि दोघींचं म्हणणं लिहून घेतलं. कबरीत वारलू आहे, त्याचं नाव लावावं. लटारूचा शोध पुन्हा घ्यावा.

ते कागद वर गेले. पौषात वकिलांनाच वर बोलावणं आलं. तिथं कोण काय बोललं हे त्यांनी दोघींना बसवून सांगितलं. त्यांचा आवाज थकलेला होता.

"ते म्हणाले, बायकोनं शपथेवर ओळख पटवली आहे. ते समोरच्या सरकारला कळवलं आहे. दोन्ही देशांचं भांडण आता जगाच्या कोर्टात गेलं आहे. एका मेलेल्या माणसाबद्दल आपण आधी एक आणि मग दुसरंच बोललो, असं दिसलं तर समोरचे आपल्याला खोटारडे म्हणतील. म्हणून हे कागद पुढं जाणार नाहीत."

"माह्या पोराची कबर?" आशाबाईनं विचारलं.

"लटारूच्या नावानं राहील."

"आन् हे?" सोमारी म्हणाली. नवऱ्याचं नाव ती अजून घेत नसे. "ते कुठी हायेत, हे तं विचारा. तेवढं तं विचारता येते ना?"

इनायत वकिलांनी मान खाली घातली. "नाही येत, बेटी. कायद्यानं तो मेला. हरवलेल्याचा शोध घेता येतो, कैद्याचा घेता येतो. ज्याला पुरलं आहे त्याच्याबद्दल विचारलं तर ते म्हणतील, कबर दाखवतो."

सोमारी उठून ओसरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. समोरून गेटमधून बैलगाड्या येत होत्या. जाती, मडकी, लाकडं. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडावं ते समजत नव्हतं. आतून म्हातारीचा आवाज येत होता. ती वकिलांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होती. कागदावर खोडता येत नाई का? एका मानसाचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहाचं, त्याले काय लागते?

सोमारी परत गावात गेली नाही. बापालाही तिला घरी नेता येईना, कारण गोष्ट तिथंही पोचली होती. आशाबाईनं तिला "चाल" म्हटलं नाही, पण वरोऱ्याच्या गाडीत सोमारी तिच्यामागे चढली तेव्हा "उतर"ही म्हटलं नाही. तिथं ती जिनात रुई वेचायच्या कामाला लागली. दोघी एकाच चुलीवर रांधत. पुष्कळ दिवस त्यांच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

सत्तावन्न साली पोर्तुगीजांनी कैदेतले बरेच सत्याग्रही सोडले. विदर्भातले काही जण वर्ध्याकडून येणाऱ्या गाडीनं येणार अशी बातमी वरोऱ्यात आली. स्टेशनवर हार, पताका, लेझीम. चांद्याहून गुणवंतराव आले होते. त्यांनी सोमारीला पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

गाडी थांबली. वाळलेली, दाढी वाढलेली माणसं दारात उभी राहिली. लोक त्यांना खांद्यावर घेऊ लागले. सोमारी गर्दीत शिरली आणि एकाच्या बाहीला तिनं धरलं. तो तरुणच होता, पण समोरचे दात पडलेले. नवऱ्याचं नाव तिनं पहिल्यांदाच तोंडानं घेतलं.

"भाऊ, मूलकडचे लटारू म्हनून कोनी होते का तुमच्यात? गोरटे नाई, सावळे. मले, तुले असे बोलनारे?"

त्या माणसानं हार बाजूला केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडेही पाहिलं.

"लटारू? चांदा जिल्ह्यातले?" तो हळू आवाजात म्हणाला. "बाई, ते तर वारले. आम्हाला आतच कळलं. त्यांच्या नावाची पाटी आहे कबरीवर. त्या दिवशी आम्ही बराकीत सगळ्यांनी उपास केला होता." मग त्यानं हात जोडले. "तुम्ही त्यांच्या कोण?"

आशाबाई मागून आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. म्हातारी पुढं झाली आणि त्या माणसाच्या जोडलेल्या हातांवर आपले हात ठेवून म्हणाली, "उपास केला, बरं केलं, बावा. तो माहा होता."

त्याला काही समजलं नाही. लोकांनी त्याला ओढून नेलं. गाडीनं शिटी दिली. पुढच्या डब्याच्या दारात अजून दोघं उभे होते, चांद्याला उतरणारे. सोमारी पदर खोचून तिकडे धावली.

"भाऊ," तिनं खालून हाक मारली, "तुमच्यात बिननावाचा कोनी होता का?"